हातांसाठी मागितलेली दुआ

वेल्ह्याच्या बाजूच्या एका गावातून गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. नाव-गाव छापू नये असे त्यांनी वरच लिहिले आहे, ते आम्ही पाळत आहोत. पत्र दीड पानाचे आणि प्रश्न एकच. मुलीचा निकाह ठरला आहे, पत्रिका भोरला छापायला द्यायची आहे. त्या पत्रिकेवर मुलीच्या वडिलांचे नाव ‘मरहूम’ लावून छापावे की छापू नये?

प्रश्न पडण्याचे कारण असे. या भगिनीचे शौहर अकरा वर्षे दीनच्या कामात होते. महिन्याचे तीन दिवस कधी चुकवले नाहीत, वर्षाला चिल्ला लावत, गावातल्या मुलांना कायदा शिकवत. कुणाच्या घरी मय्यत झाली की गुस्ल द्यायला पहिले हजर. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात त्यांनी स्वतःचा जीव दिला. मोठ्या दिरांचे म्हणणे आहे की अशा माणसाला मरहूम म्हणता येत नाही, पत्रिकेवर चुलत्यांचीच नावे पुरेत. मशिदीत शबे बरातला जमातच्या गुजरलेल्या साथींची नावे घेऊन दुआ होते, त्यात दोन वर्षे त्यांचे नाव आलेले नाही. ज्यांच्याबरोबर ते गावोगाव फिरले त्यांच्यापैकी एकाचेही पाऊल या घरी पडले नाही. पत्राच्या शेवटी या भगिनी लिहितात की मुलगी आता बापाचे नावच काढत नाही.

पत्रिका खोळंबली असेल म्हणून उत्तर आधी देतो. नाव छापा, आणि मरहूम लावूनच छापा. मरहूम म्हणजे ज्याच्यावर रहमत व्हावी तो. हा शब्द आपण दुआ म्हणून लावतो. कुणाच्या आखिरतचा निकाल लावण्याचा अधिकार पत्रिका छापणाऱ्यालाही नाही आणि दिरांनाही नाही. शिवाय निकाहाच्या मजलिसीत काझी साहेब मुलीचे नाव तिच्या वडिलांच्या नावासकटच घेणार आहेत. शंभर माणसांसमोर जे नाव उच्चारायचे ते कागदावर का नको?

पण एवढ्यावर दिरांचे समाधान होणार नाही, आणि व्हावे अशी आमची अपेक्षाही नाही. ते दीनचे नाव घेऊन बोलत आहेत, तेव्हा दीनमध्ये काय आहे ते पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट, स्वतःचा जीव घेणे हराम आहे. यात कोणत्याही आलिमाचे दुमत नाही. सूरह निसामध्ये स्वतःला ठार मारू नका अशी मनाई आहे आणि त्याच आयतीत लगोलग अल्लाह तुमच्यावर मेहरबान असल्याचे सांगितले आहे. मनाई आणि मेहरबानी एकाच श्वासात आली आहे, हे आपण वाचताना बहुधा विसरतो. हदीसमध्येही कडक इशारे आहेत. खैबरच्या मोहिमेत शर्थीने लढलेल्या एका माणसाने जखमांची वेदना असह्य होऊन स्वतःला संपवले, त्याची हकीकत बुखारी शरीफमध्ये आहे आणि ती सुखाची नाही. हे सगळे खरे आहे आणि मिंबरवरून सांगितले जाते, ते योग्यच आहे. आमची तक्रार एवढीच की जी दुसरी हकीकत आहे ती तिथून फारशी ऐकू येत नाही.

ती हकीकत सहीह मुस्लिममध्ये, किताबुल ईमानमध्ये आहे, आणि हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितली आहे. यमनकडच्या दौस कबिल्याचे सरदार तुफैल बिन अम्र (रजि.) हे नाव आपल्या वाचकांना परिचयाचे असेल. हे शायर होते. मक्केत आले तेव्हा कुरैशांनी घाबरवल्यामुळे कानांत कापूस घालून हिंडत होते, तरी कुरआनचे बोल कानी पडलेच आणि ते मुसलमान झाले. हजरत अबू हुरैरा (रजि.) हे याच दौस कबिल्याचे. मक्केत छळ वाढला तेव्हा तुफैल यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना आपल्या कबिल्याची मजबूत गढी देऊ केली होती. पण तो मान अल्लाहने मदीनेच्या अन्सारांसाठी राखून ठेवला होता, म्हणून प्रेषितांनी ती घेतली नाही. पुढे प्रेषित मदीनेला गेले तेव्हा तुफैलही घरदार सोडून निघाले. त्यांच्याबरोबर त्यांच्या कबिल्यातला आणखी एक माणूस निघाला. त्याचे नाव हदीसमध्ये दिलेले नाही.

या माणसाला मदीनेची हवा मानवली नाही. तो आजारी पडला, त्याचा धीर सुटला आणि त्या अवस्थेत त्याने आपल्या हातांना जखमा करून घेतल्या. रक्त थांबले नाही. त्यातच तो गेला.

त्यानंतर तुफैल यांना तो स्वप्नात दिसला. चेहरा, कपडे, सगळे चांगले होते, फक्त दोन्ही हात झाकलेले होते. तुफैल यांनी विचारले की तुझ्या रबने तुझ्याशी कसा व्यवहार केला? त्याने सांगितले की प्रेषितांकडे हिजरत केली म्हणून मला माफी मिळाली. मग हात का झाकलेस? तर म्हणाला की मला सांगण्यात आले, तू जे स्वतः बिघडवलेस ते आम्ही नीट करणार नाही. तुफैल यांनी हे स्वप्न प्रेषितांना जसेच्या तसे ऐकवले. आणि प्रेषित (स.) यांनी दुआ केली की अल्लाहने त्याच्या हातांनाही माफ करावे.

आम्ही ही हदीस अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी एका जागी थांबतो. तुफैल यांनी तो विषय दडपला नाही. आपल्या कबिल्याची बदनामी होईल, नव्या दीनमध्ये आलेल्या माणसाने असे केले म्हणून मक्केवाले हसतील, असा हिशेब त्यांनी केला नाही. ते सरळ प्रेषितांकडे गेले. आणि तिथे त्यांना दटावणी मिळाली नाही, हा विषय इथे नको असेही कुणी म्हटले नाही. जे उरले होते त्यासाठी दुआ मिळाली.

दुसरे असे की हदीसमध्येच कारण दिले आहे: हवा मानवली नाही, आजार झाला. त्या माणसाचे ईमान कमजोर होते असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. ज्याने गाव, नातेवाईक, जमीन सोडून हिजरत केली त्याच्या ईमानाला नावे ठेवणार तरी कशी? इमाम नववी यांनी या हदीसच्या आधारे स्पष्ट लिहिले आहे की असा माणूस इस्लामबाहेर जात नाही आणि त्याचा मामला अल्लाहच्या मर्जीवर आहे.

आता जनाजाच्या नमाजचा प्रश्न. दिरांसारखे लोक ज्या हदीसचा हवाला देतात तीही सहीह मुस्लिममध्येच आहे. स्वतःचा जीव घेतलेल्या एका माणसाचा जनाजा आणला गेला आणि प्रेषितांनी त्याची नमाज पढवली नाही. बरोबर आहे. पण कर्जदाराच्या बाबतीतही असेच घडले होते, हे सांगायचे राहून जाते. कर्ज मागे ठेवून गेलेल्या एकाचा जनाजा आला तेव्हा प्रेषितांनी साथींना सांगितले की तुम्ही तुमच्या साथीची नमाज पढा. मग हजरत अबू कतादा (रजि.) यांनी कर्ज स्वतःवर घेतले तेव्हा त्यांनी स्वतः पढवली. म्हणजे इमामाने मागे राहणे हा मागे उरलेल्यांना इशारा होता. गेलेल्याला टाकून देण्याचा त्यात हेतू नव्हता. आपल्या भागात सोसायटीचे, पतपेढीचे, सावकाराचे कर्ज ठेवून गेलेला प्रत्येक माणूस बिनानमाजचा पुरला तर कब्रस्तानात किती जनाजे व्यवस्थित होतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हजरत उमर बिन अब्दुल अजीज आणि इमाम औजाई यांचे मत नमाज पढू नये असे होते, ते लपवण्याचे कारण नाही. हनफींमध्येही इमाम अबू यूसुफ यांचे मत वेगळे होते. पण हनफी फतवा नमाज पढण्यावरच आहे. इमाम मालिक, इमाम शाफई यांच्याकडेही नमाज आहे. इमाम अहमद एवढेच म्हणतात की मोठ्या इमामाने पढवू नये, इतरांनी पढावी. भोरमध्ये आपण साधारणपणे हनफी, आणि वरंधा घाट उतरून महाडकडे गेले की कोकणातले शाफई सुरू होतात. घाटाच्या वर आणि घाटाखाली, दोन्हीकडे गुस्ल, कफन, नमाज आणि मुसलमानांच्या कब्रस्तानात जागा हा अशा मय्यतीचा हक्क आहे. आणि नमाज म्हणजेच दुआ. ज्याची नमाज पढता येते त्याच्यासाठी शबे बरातला दुआ करता येत नाही, हे कुठल्या किताबात आहे ते आम्हाला सापडले नाही.

या घाटाचा विषय निघालाच आहे तर थोडे पुढे जाऊ. भोरहून निघून नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेने घाट उतरला (पावसाळ्यात तो अनेकदा बंद असतो, आधी चौकशी करून निघावे), की महाडच्या पुढे माणगावच्या अलीकडे वडघर लागते. तिथे साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे. मुलांची आणि तरुणांची शिबिरे तिथे होतात. आपल्यापैकी काहींची मुले शाळेबरोबर तिथे जाऊनही आली असतील.

पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, गाव दापोली तालुक्यातले पालगड. अमळनेरला मास्तर होते. ते गांधीजींच्या चळवळीत गेले. ती चळवळ नुसती राजकारणाची नव्हती. तीत प्रार्थना होती, रोजे म्हणावेत असे उपवास होते, तुरुंगात सत्संग होता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली ती साने गुरुजींनी बसून उतरवून घेतली, म्हणून आज ती पुस्तकरूपात आहेत. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना उघडे व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरातच उपोषण केले. मंदिर उघडले. गांधीजींची हत्या झाली तेव्हा त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. आणि आपल्यासाठी विशेष म्हणजे, ‘इस्लामी संस्कृती’ हे प्रेषितांचे चरित्र आणि इस्लामची ओळख सांगणारे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले. ज्या काळात मराठीत आपल्या दीनविषयी आदराने लिहिणारे फार थोडे होते त्या काळातले हे पुस्तक आहे. आमच्या मते ते आपल्या प्रत्येक घरात असावे. मतभेदाच्या जागा सापडतील, पण लिहिणाऱ्याची मोहब्बतही पानोपानी सापडेल.

११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी आपले आयुष्य स्वतः संपवले. वय ५० वर्षे.

का, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. गांधीजी गेले, स्वातंत्र्यानंतर देशात दिसले त्याने मन मोडले, असे सांगतात. आम्हाला एकाच कारणाची गोष्ट पटत नाही; माणसाचे मन खचते तेव्हा ते अनेक बाजूंनी खचत आलेले असते आणि शेवटचा धक्का तेवढा लोकांच्या लक्षात राहतो. आम्ही ही आठवण इथे काढली ती पुढे काय झाले त्यासाठी. त्यांच्या साथींनी त्यांचे नाव यादीतून काढले नाही. ‘साधना’ आजही निघते आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ‘श्यामची आई’ आजही घरोघर वाचतात. ११ जूनला त्यांची आठवण निघते, आणि कसे गेले हे मोठ्यांना माहीत असते. एवढे मात्र खरे की मुलांना सांगताना महाराष्ट्र अजून थोडा अडखळतो, ‘निधन झाले’ म्हणून पुढे सरकतो. पण शेवटच्या एका दिवसासाठी आधीची ५० वर्षे पुसली नाहीत. धर्माचा हुकूम काय तो वर आलाच आहे. इथे आम्ही फक्त शेजाऱ्यांचे वागणे दाखवत आहोत, कारण ज्यांच्याकडे तुफैल यांची हदीस आहे त्यांनी याबाबतीत शेजाऱ्यांच्या मागे असू नये.

याच्या दुसऱ्याच तारखेला, १२ जून २०१८ रोजी, इंदूरचे भय्यूजी महाराज गेले. महाराष्ट्रात त्यांचे अनुयायी गावोगाव होते. मंत्री-आमदार त्यांच्याकडे सल्ल्याला जात, लोक मनाची शांती मागायला जात, आणि शांती देणारा माणूस स्वतः तणावाने गेला. पुढे पोलीस, खटला, आणि जानेवारी २०२२ मध्ये इंदूरच्या न्यायालयाने तिघांना शिक्षाही सुनावली. आम्हाला त्यात शिरायचे नाही. एवढेच दिसते की जो इतरांचे ऐकतो त्याचे ऐकायला कुणी नसते.

हे आपल्या जमातींनाही लागू आहे, आणि थोडे कडवट वाटले तरी लिहितो. जो माणूस दीनच्या कामात पुढे असतो त्याला ‘माझे मन लागत नाही, झोप येत नाही, जगावेसे वाटत नाही’ असे म्हणण्याची सोय आपण ठेवलेली नाही. तो म्हणाला, तर आपण म्हणतो वसवसे आहेत, जिक्र वाढव. त्याने वाढवला आणि तरी बरे वाटले नाही, तर तो समजतो की आपल्याच ईमानात खोट आहे. मग तो बोलायचा बंद होतो. त्या भगिनींच्या पत्रात एक ओळ आहे की शेवटचे तीन-चार महिने ते फजरनंतर मशिदीतच बसून राहत, घरी येत नसत, आणि सगळे म्हणत किती परहेजगार माणूस. आजार समोर बसला होता आणि सगळे त्याची तारीफ करत होते.

जिक्रने दिलाला सुकून मिळतो, यावर आमचा पुरा भरवसा आहे. साखरेच्या आजारात आणि टीबीतही आपण जिक्र करतोच, पण गोळी बंद करत नाही. इलाज करा, अल्लाहने आजाराबरोबर दवाही उतरवली आहे, अशी प्रेषितांची शिकवण आहे, आणि त्यात मनाचा आजार वगळलेला नाही. वेल्ह्याहून विंझर, मार्गासनी, नसरापूर करत माणूस पुण्याच्या वाटेला लागतो, खेड शिवापूरला कमरअली दर्वेश यांच्या दर्ग्यावर थांबतो, दुआ मागतो. जरूर मागावी. पण तीच गाडी तिथून परत न फिरवता पुढे ससूनपर्यंत किंवा येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयापर्यंत न्यावी. लांब वाटत असेल तर आधी भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना सरळ सांगावे, ते पुढची चिठ्ठी देतात. तेही जमत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलीमानस क्रमांक आहे. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येते. हा क्रमांक मशिदीच्या फळ्यावर नमाजच्या वेळापत्रकाखाली लिहून ठेवावा, अशी भोर, नसरापूर आणि वेल्ह्याच्या मशीद कमिट्यांना आमची विनंती आहे. खडूने लिहिला तरी चालेल.

आकडे पाहिजे असतील तर, २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यात सर्वांत जास्त, २२,७४६, महाराष्ट्रात होत्या. आपली घरे यातून वगळली गेली आहेत असे समजू नये.

कायद्याची भीती अजून अनेकांना आहे, म्हणून दोन वाक्ये त्यावर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे मानले आहे की जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली असतो, त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घेणे हे सरकारचे काम आहे. जुन्या दंडसंहितेतले ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या न्याय संहितेत त्या रूपात राहिलेलेच नाही. तेव्हा वाचलेल्या माणसाला पोलिसांच्या भीतीने घरात लपवून ठेवू नये, आधी दवाखान्यात न्यावे. मृत्यू झाला तर पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम होणारच. त्यात वेळ जातो, रात्रही जाते. त्या वेळी मय्यतीच्या घरी कुणी थांबायचे हे जमातच्या साथींनी आपसात ठरवावे, घरच्या बायकांवर सोडू नये.

त्या भगिनींना आम्ही वेगळे पत्र पाठवले आहे आणि सोबत तुफैल यांच्या हदीसचा मराठी तर्जुमा मोठ्या अक्षरात लिहून दिला आहे, दिरांना वाचायला सोपा जावा म्हणून. मशिदीच्या इमाम साहेबांसाठीही एक प्रत आहे. शबे बरात अजून लांब आहे, पण जुम्मा दर आठवड्याला येतो.

या विषयावर आणखी कुणाला लिहायचे असेल त्यांनी नाव छापायचे की नाही ते पत्राच्या वरच्या बाजूला स्पष्ट लिहावे. पुढच्या अंकात इद्दतच्या काळात नोकरीवर जाणाऱ्या भगिनींच्या पत्रांना उत्तरे देऊ.